पायाखालची काच

पहिल्यांदा ते झालं तेव्हा प्यो जोंग-इम चक्क जमिनीवर उभी होती आणि तिच्या हातात टोफूचं पाकीट होतं.

शनिवार, सकाळी अकराची वेळ. बुसानमध्ये, योंगदोच्या बाजारातल्या एका दुकानात ती पैसे द्यायच्या रांगेत होती. पुढे दोन बायका, मागे एक म्हातारा. कुणी ओरडलं नाही, काही पडलं नाही, फुटलं नाही. तरी एकाएकी तिच्या छातीत धस्स झालं आणि काळीज जे धावत सुटलं ते थांबेचना. बोटांना मुंग्या आल्या, मग ओठ बधिर झाले. दुकानातले दिवे फार पांढरे दिसायला लागले. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. आपण मरतोय, एवढं तिला स्वच्छ कळलं. तिने पाकीट काउंटरवर नीट ठेवलं आणि मागे वळून म्हणाली, "आजोबा, जरा अॅम्ब्युलन्स बोलवा."

इस्पितळात ईसीजी काढला, रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. सगळं ठीक. ड्युटीवरचा डॉक्टर म्हणाला, "हृदय उत्तम आहे तुमचं. ताण कमी घ्या," आणि पुढच्या पडद्याआड गेला.

नवरा तोक-सू एप्रनसकट धावत आला होता. त्याचं डुकराच्या रश्श्याचं आणि भाताचं छोटं दुकान होतं. अंगाला आलं-लसणाचा वास येत होता. बायको उठून बसलेली पाहिल्यावर तो धपकन स्टुलावर बसला.

"काय गं हे? रश्श्याखालचा गॅससुद्धा बंद केला नाही मी. मला वाटलं, झालो विधुर."

"नाही झालास. घरी चल."

"दुसरी बघायला सुरुवात करणार होतो."

ती हसली. पण घरी जाताना, टॅक्सीत, तिने डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि नाडी मोजली. ती सवय त्या दिवशी लागली.

जोंग-इम चव्वेचाळीस वर्षांची होती आणि बंदराच्या धक्क्यावरची मोठी क्रेन चालवायची. जहाजावरून कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या ट्रकवर ठेवायचे. जमिनीपासून बेचाळीस मीटर उंचीवर काचेची केबिन, आणि केबिनची जमीनही काचेचीच. चालकाने पुढे वाकून, आपल्याच दोन पायांमधून खाली बघत काम करायचं. साठ चालकांमध्ये तीन बायका होत्या, आणि त्यांत ती सर्वांत जुनी. पंधरा वर्षं झाली होती. पायाखाली समुद्र, जहाज आणि मुंग्यांएवढी माणसं दिसायची, पण तिला कधी गरगरलं नव्हतं. नवीन चालक पहिल्या दिवशी पांढरेफटक पडून खाली उतरायचे, तेव्हा ती त्यांना मक्याचा चहा पाजायची आणि म्हणायची, "काचेकडे बघू नकोस. काचेतून बघ."

बाजारातल्या त्या शनिवारच्या तेवीस दिवस आधी मात्र एक प्रकार घडला होता.

जहाजावर कंटेनर एकावर एक रचलेले असतात आणि चारही कोपऱ्यांना कुलपांनी एकमेकांत अडकवलेले असतात. त्या दिवशी एका कंटेनरचं एक कुलूप गंजून अडकलं होतं. तिने दांडा मागे ओढला, तीन कोपरे सुटले, चौथा सुटला नाही. पंचवीस टनांचा डबा तिरका झाला, दोर करकरले, आणि मग कुलूप तुटलं. तोफ उडावी तसा आवाज आला. डबा हवेत झोकांडला आणि डेकवर उभ्या असलेल्या चांग छुन-बेच्या अंगावर गेला. छुन-बे अठ्ठावन्न वर्षांचा, कंटेनर बांधायचे लोखंडी गज सोडणाऱ्या टोळीतला. तो पालथा पडला. डबा त्याच्या पाठीवरून हातभर अंतराने गेला आणि परत आला. जोंग-इमने हे सगळं पायांमधल्या काचेतून पाहिलं. डबा झुलताना तीही त्याच्याबरोबर केबिन पुढे-मागे नेत राहिली, कारण झोका मोडायची तीच रीत. अकरा सेकंदांत झोका मोडला. छुन-बे उठला आणि त्याने हेल्मेट काढून तिच्या दिशेने हलवलं.

जागच्या जागी चौकशी झाली. चूक कुलपाची, चालकाची नाही, असा शेरा पडला. मुकादम गिलने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि आठ मिनिटांत तिने पुढचा कंटेनर उचलला. संध्याकाळी छुन-बेने मशीनमधली कॉफी तिच्या हातात दिली. "प्योबाई, माझी पाठ खाजत होती, तुम्ही खाजवून दिलीत." सगळे खो-खो हसले. प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. जोंग-इमलाही.

दुसऱ्यांदा ते झालं क्रेनच्या लिफ्टमध्ये.

लिफ्ट कसली, कपाट. एक माणूस कसाबसा मावणारं, क्रेनच्या पायातून वर सरकणारं. अर्ध्या वाटेवर दोर करकरला. रोज करकरायचा. त्या दिवशी मात्र तो आवाज कानात शिरताच काळीज धावत सुटलं, बोटांना मुंग्या आल्या, घशात काहीतरी अडकलं. वर पोचून दार उघडेपर्यंत ती पायापासून डोक्यापर्यंत घामाने भिजली होती. दहा-बारा मिनिटांनी सगळं ओसरलं. तिने तोंड पुसलं आणि कामाला बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने लिफ्ट सोडली. दोनशे आठ पायऱ्या चढून जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोट वाढलंय."

मग कॉफी सोडली, कारण कॉफीने छाती धडधडते. मग शीतपेयं. मग बाजार, कारण तिथे रांग असते. मुलगी सोल-आ बारावीच्या परीक्षेला बसणार होती. परीक्षेआधी मन शांत राहावं म्हणून मुलं सोनेरी कागदातली जडीबुटीची एक जुनी गोळी चघळतात. आजीने तिच्यासाठी डबाभर गोळ्या आणून ठेवल्या होत्या. त्या डब्यातल्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. जोंग-इम एक खायची आणि एक खिशात ठेवायची. खिशात गोळी आहे की नाही हे दर दहा मिनिटांनी चाचपून बघायची. केबिनचं दार किंचित उघडं ठेवायची. दोन फेऱ्यांच्या मधल्या क्षणात मनगटावर बोटं ठेवायची: शंभर. एकशे चार. एकशे दहा. आकडा बघून आकडा वाढायचा.

गंमत अशी, की यातल्या प्रत्येक उपायाने तिला त्या दिवसापुरतं हायसं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी भीती दोन पावलं पुढे आलेली असायची.

सांगणार कुणाला? मनाच्या डॉक्टरकडे गेलं की कागदावर नाव चढतं, आणि नाव चढलं की केबिन जाते, अशी धक्क्यावर पक्की समजूत होती. खरी की खोटी, कुणी तपासून पाहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक चालक अचानक 'गुडघ्याच्या दुखण्याने' नोकरी सोडून गेला होता. त्याचे गुडघे ठणठणीत होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कुणीच नाही.

जून महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता ते तिसऱ्यांदा झालं. खरं तर तोवर तिने मोजणं सोडलं होतं. पण या वेळी कंटेनर हवेत होता.

वारा फारसा नव्हता. तपकिरी रंगाचा, बावीस टनांचा डबा जहाजातून वर येत होता. डेकवरच्या टोळीत चार माणसं होती, त्यांतला एक छुन-बे. वरच्या कप्पीत कुठेतरी दोर करकरला, आणि तिच्या पोटातून एक थंडगार लाट वर आली. हाताची बोटं बधिर झाली. त्याच बोटांखाली दोन दांडे होते आणि त्या दांड्यांच्या टोकाला बावीस टन.

'आता माझा हात थरथरणार. आता मी बेशुद्ध पडणार. डबा जाणार त्यांच्या अंगावर.'

तिने दोन्ही हात दांड्यांवरून काढले. हात काढला की ही क्रेन जागच्या जागी थांबते. डबा डेकच्या वर सहा मीटरवर टांगलेला राहिला. जोंग-इमने वॉकी-टॉकीचं बटण अंगठ्याने दाबलं, अंगठा नीट लागेना म्हणून दोन्ही हातांनी दाबलं.

"डेक रिकामा करा." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "सगळे बाजूला व्हा. मला... मला बरं नाही."

क्षणभर नुसती खरखर. मग मुकादम गिल: "सात नंबर, काय झालं? मशीन की माणूस?"

"माणूस."

खाली माणसं पळताना तिला काचेतून दिसली. एक, दोन, तीन. चौथं कुठेय? चौथं दिसेना. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात छुन-बेचा आवाज आला, अगदी चहाच्या टपरीवर बसल्यासारखा.

"प्योबाई, मी शिडीपाशी आहे. डाव्या बाजूला. हात हलवतोय बघा. दिसला?"

"नाही."

"बरं, नका बघू. मी काय एवढा देखणा नाही. खाली कुणी नाही, डबा टांगलाय तो टांगलेला राहू द्या. घाई कसली? जहाजाचा कप्तान तुमचा सासरा लागतो का?"

"काका, मी मरतेय."

"मरा, पण आधी श्वास सोडा. घेऊ नका. सोडा."

बारा मिनिटं. दुसऱ्या क्रेनवरचा चालक सुटून लिफ्टने वर येईपर्यंत बारा मिनिटं छुन-बे बोलत राहिला: जावयाविषयी, गंजक्या कुलपांविषयी, सुकटाच्या भावाविषयी. जोंग-इम गुडघ्यांवर हात ठेवून पायाखालच्या काचेतून टांगलेल्या तपकिरी डब्याकडे बघत राहिली. डबा जराही हलत नव्हता.

गिलच्या खोलीत पंखा सुरू होता. ती म्हणाली, "राजीनामा लिहून देते."

"कशाला? गुडघे दुखतात म्हणून?" गिलने टेबलावरचा कागदाचा गठ्ठा सरळ केला. "तू हात काढलेस म्हणून मी आत्ता तुझ्याशी बोलतोय. नाहीतर पोलिसांशी बोलत असतो. वर जायचं नाही, डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय. पण राजीनामा मी घेणार नाही. जा."

त्या रात्री तिने तोक-सूला सगळं सांगितलं. तो जेवताना चमचा हातात धरूनच ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तीन महिने? आणि मी समजत होतो, तू खरंच पोट कमी करतेयस."

मनाच्या डॉक्टर मा ह्वी-जे साठीला टेकलेल्या होत्या. त्यांचा दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वर होता, बंदरापासून तासभर लांब. जोंग-इमने मुद्दामच लांबचा निवडला होता, आणि चढताना मास्क लावला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये फक्त एकदा विचारलं, "आवाज कुठला? नक्की कसा आवाज?"

"दोर करकरल्याचा."

"आणि बाजारात? तिथे कुठला दोर?"

जोंग-इमने डोळे मिटून ती रांग आठवली. मग म्हणाली, "लोखंडी ट्रॉल्या. एकमेकींत घुसवतात त्या. मागे कुणीतरी घुसवत होतं."

"हं." डॉक्टरीणबाईंनी कानाच्या जरा वर, कपाळाच्या बाजूला बोट टेकवलं. "इथे आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग असतो. त्याचं काम एकच, धोका हेरायचा आणि बोंब मारायची. विचार करणारा मेंदू पुढे, कपाळामागे. पण कानातला आवाज बदामाकडे आधी पोचतो. विचार करणाऱ्याला कळेपर्यंत बदामाने छातीला 'पळ' सांगितलेलं असतं. छाती रक्त पायांकडे पाठवते, श्वास वाढतो. पळायचं असेल तर हे सगळं छान आहे. पण तुम्ही रांगेत उभ्या. पळत नाही, नुसता श्वास घेताय. जास्त श्वासाने रक्तातल्या वायूंचं प्रमाण बिघडतं, म्हणून मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. मग विचार करणारा मेंदू म्हणतो, 'अरे, हे काय होतंय? मरतोय वाटतं.' ते ऐकून बदाम आणखी जोरात बोंब मारतो."

"म्हणजे माझा मेंदू बिघडलाय."

"तुमच्या क्रेनवर वारा मोजायचं यंत्र असतं ना? ते खोटंच वाजायला लागलं तर काय करता? काढून फेकता?"

"वेड लागलंय का? वाऱ्याचं यंत्र काढून क्रेन कोण चालवेल?" जोंग-इम जवळजवळ ओरडलीच. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"मग काय करता?"

"तपासतो. खरा वारा किती आणि ते किती दाखवतंय, पुन्हा पुन्हा ताडून बघतो. जुळवतो."

"तेच करायचंय. फक्त या यंत्राला शब्द कळत नाहीत. 'घाबरू नकोस' म्हणून ते ऐकणार नाही. त्याला फक्त घडलेलं कळतं. आवाज झाला आणि काही झालं नाही, आवाज झाला आणि काही झालं नाही, असं पन्नास वेळा घडावं लागतं. तुम्ही तीन महिने नेमकं उलट केलंत. लिफ्ट सोडली, कॉफी सोडली, खिशात गोळी ठेवली. दर वेळी बदामाला वाटलं, 'बघा, पळालो म्हणून वाचलो.' गोळी आहे आत्ता?"

जोंग-इमने खिशातून सोनेरी गोळी काढली.

"ठेवा टेबलावर. परत नेऊ नका."

ती गोळी टेबलावर ठेवायला तिला जवळजवळ एक मिनिट लागलं.

मग सुरू झाला तो अभ्यास पाहून तिला वाटलं, बाई माझी थट्टा करतेय. सरबताच्या बारीक नळीतून दोन मिनिटं श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरून. फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरायचं. जागच्या जागी पळायचं, छाती फुटेस्तोवर. म्हणजे भीतीत जे जे होतं ते ते मुद्दाम आणायचं आणि बसून राहायचं. मनगटाला हात लावायचा नाही.

"मी बरी व्हायला आले, आणि तुम्ही मला आजारी पाडताय," ती म्हणाली.

"हो. तुमच्या छातीची धडधड धोका नाही, हे तुमच्या छातीनेच बदामाला दाखवायचंय. माझ्या सांगण्याने होत असतं तर मी कॅसेट काढून विकली असती."

खुर्ची दुकानात होती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तोक-सू बायकोला फिरवायचा. पहिल्या दिवशी तिने उलटी केली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "लग्नात एवढं फिरवलं नव्हतं मी तुला." दहाव्या दिवशी गरगरणं आलं, धडधड आली, आणि दोन्ही आपापल्या वाटेने निघूनही गेली. ती कट्ट्याला धरून उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा नुसतं कुतूहल वाटलं.

मग लिफ्ट. ती राहायची त्या इमारतीला पंचवीस मजले होते. रोज वीस वेळा वर-खाली करायचं. तिसऱ्या दिवशी नवव्या मजल्यावर लिफ्टने हिसका दिला. तिने दार उघडताच बाहेर उडी मारली आणि जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडली. चौदाव्या मजल्यावरची म्हातारी पिशवी घेऊन उतरत होती. तिने विचारलं, "नवऱ्याने मारलं का?"

"नाही हो आजी. लिफ्टला घाबरले."

"मग जिना चांगला आहे की."

हेच तर! जिना चांगला होता, म्हणूनच बदाम सुधारत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती त्याच लिफ्टमध्ये शिरली आणि तिने दार बंद व्हायची वाट पाहिली. धडधड आली. तिने घड्याळ बघितलं नाही, भिंतीला टेकली नाही. 'वाज,' ती मनात म्हणाली, 'वाज किती वाजायचं ते.' वर, खाली, वर, खाली. सातव्या फेरीला धडधड थकली.

ऑगस्टमध्ये गिलने तिला वर जाऊ दिलं, पण नुसतं प्रवासी म्हणून, दुसऱ्या चालकाच्या मागच्या स्टुलावर. क्रेनच्या कपाटाएवढ्या लिफ्टमधून. मग डबा पकडायच्या रिकाम्या चौकटीवर सराव, खाली कुणी नसताना. मग रिकामे डबे. कंपनीच्या डॉक्टरने तपासलं, मा बाईंनी लेखी दिलं, आणि गिलने एक नियम ठरवून सगळ्या टोळीला वाचून दाखवला: वरून 'एक मिनिट' असा शब्द आला की डेक रिकामा होणार, आणि कुणीही, कुणीही काही विचारणार नाही.

टोळीत छुन-बे नव्हता.

तो गेटवर असतो, असं कळलं. ती गेली. छुन-बे खोपटात बसून ट्रकचे नंबर लिहून घेत होता. शेजारी चिनी मातीच्या कपात सिगारेटची थोटकं होती. आणि त्याचे डोळे तांबारले होते.

"काका, बदली मागितलीत?"

"कंबर दुखते."

"गुडघे दुखतात म्हणायची पद्धत आहे आपल्याकडे."

तो हसला नाही. खिडकीबाहेर एक ट्रक येऊन थांबला, त्याच्या ब्रेकचा फुसकारा झाला, आणि छुन-बेच्या हातातलं पेन खाली पडलं. त्याने ते उचललं.

"कासव बघून दचकलेला माणूस भांड्याचं झाकण बघूनही दचकतो म्हणतात," तो म्हणाला. "त्या दिवशी वॉकी-टॉकीवर तुला धीर देत होतो ना? मी शिडीला मिठी मारून बसलो होतो, पोरी. डेकवर पाय ठेवता येत नव्हता. मार्चपासून येत नव्हता. दोन पेले पोटात गेल्याशिवाय झोप नाही."

जोंग-इमला वाटलं होतं, खाली एक पहाडासारखा माणूस उभा आहे. तिने दवाखान्याचा पत्ता एका कागदावर लिहिला आणि कपाखाली सरकवला. छुन-बेने तो कागद न वाचता चुरगाळला, पण फेकला नाही.

सप्टेंबरमध्ये वादळ गेल्यावर दोन दिवस बंदर बंद होतं. तिसऱ्या दिवशी बाहेर जहाजांची रांग लागलेली. गिलने विचारलं, "जमेल?" तिने हो म्हटलं आणि म्हणतानाच छाती धडधडायला लागली. तशीच ती लिफ्टमध्ये शिरली.

पहिले चार डबे सुरळीत गेले. पाचवा उचलताना वरचा दोर करकरला. तीच थंड लाट, डोळ्यांपुढे तेच पांढरं. बोटं बधिर. विचार करणारा मेंदू म्हणाला, 'संपलं. पुन्हा तेच. सगळं वाया गेलं.' डबा डेकच्या वर चढत होता, खाली टोळीतली तीन माणसं मान वर करून उभी होती.

तिने हात काढले. "एक मिनिट."

डेक रिकामा झाला. कुणी काही विचारलं नाही. जहाजावरचा परदेशी अधिकारी मात्र रेलिंगपाशी येऊन हातवारे करायला लागला. गिल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलेला तिला वरून दिसला. काय बोलला कुणास ठाऊक, त्याने फक्त आकाशाकडे बोट दाखवलं.

जोंग-इमने दार बंद ठेवलं. खिशाकडे हात गेला नाही, मनगटाकडे गेला तो तिने अर्ध्यातून परत आणला. ती काचेतून खाली बघत राहिली. काळीज कानात वाजत होतं. तिने त्याला थांबवायचा प्रयत्न केला नाही. डबा टांगलेला होता. दोर पुन्हा करकरला. डबा टांगलेलाच होता. आवाज झाला, काही झालं नाही. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला आणि काचेवर टपकला. काळीज अजून धावत होतं, पण आता चढावरून उतारावर लागल्यासारखं.

मिनिट नव्हतंच ते, पावणेचार मिनिटं होती. तिने बोटं उघडझाप करून पाहिली, मूठ नीट आवळली गेली. बटण दाबून म्हणाली, "सात नंबर तयार. डेकवर कुणी आहे?"

"डेक मोकळा. घे खाली."

तिने तो पाचवा डबा ट्रकवर ठेवला. कोपरा बोटभर चुकला, पुन्हा उचलून बसवला. पाळी संपेपर्यंत सव्वीस झाले. पूर्वी ती चाळीस करायची. खाली उतरल्यावर तिला इतकी भूक लागली होती, की तोक-सूच्या दुकानात तिने दोन वाट्या रस्सा-भात रिचवला.

ते गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी घातली जाते. दमणूक झाली, झोप कमी झाली की जुनी वर येते. ऑक्टोबरमध्ये ते चार वेळा आलं, नोव्हेंबरमध्ये दोनदा. एकदा तर परीक्षेच्या दिवशी सोल-आला शाळेच्या फाटकावर सोडताना. पोरीने आईचा हात धरला आणि विचारलं, "बदाम?" जोंग-इमने मान हलवली. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, मग मुलगी आत गेली.

त्याच आठवड्यात एका दुपारी छुन-बे तोक-सूच्या दुकानात आला. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. जोंग-इमची सुट्टी होती, तीच वाढत होती. तो मान खाली घालून जेवू लागला.

"त्या बाई खुर्चीत बसवून गरागरा फिरवतात म्हणे," तो वाटीकडे बघत म्हणाला. "माझ्या वयात उलटी व्हायची."

"होते काका. मलाही झाली."

"आणि विचारतात काय काय?"

"आवाज कुठला ते विचारतील. बाकीचं तुम्हीच सांगाल."

त्याने उरलेला भात रश्श्यात ओतला, कांद्याची पात टाकली, खाल्ली. तोक-सू आतून ओरडला, "आणखी मीठ हवं का?" छुन-बेने हात हलवून नको म्हटलं. मग टोपी डोक्यावर घालून उठला.

"गुरुवारी मला सुट्टी आहे," तो म्हणाला. "तू येशील दारापर्यंत? वर मी एकटा चढेन."